दुपाखी कौलारू छपराचा लाकडी सांगाडा : कामाच्या नोंदी

ठिकाण : संगमेश्वर तालुका, जिल्हा रत्नागिरी. जांभ्याच्या चिऱ्यांचं जुनं घर, भिंती ठाक, छप्पर वाळवीने आणि गळतीने गेलेलं. बाहेरून बाहेर माप २९ फूट ६ इंच × १९ फूट ६ इंच, भिंत ९ इंच जाड. मध्ये आडवी भिंत नाही, म्हणून दोन कैच्या (छपराचा भार पेलणारे लाकडी त्रिकोण) आणि तीन खण (गाळे). मापं फूट-इंच-सुतात (१ इंच म्हणजे ८ सूत), लाकूड घनफुटात.

१२ जानेवारी २०२५ : आधी कौल, मग लाकूड

लाकडाची यादी करण्याआधी कौलाची चाल, म्हणजे एक कौल किती अंतर झाकतं ते, काढली. बहुतेक ठिकाणी हे उलट होतं. सांगाडा उभा राहतो, रिपा मारायच्या वेळी कौल हातात घेतलं जातं आणि शेवटची ओळ अर्धी बसते. मंगलोरी कौल करवतीने कापून भागत नाही. त्याची वरची नाकं रिपेला अडकलेली नसली तर ते घसरतं.

चाल काढायची रीत : जमिनीवर कौलांची एक उभी रांग कोरडीच लावायची. आधी सगळी घट्ट सरकवून दहा कौलांचं अंतर मोजायचं, मग खाच सुटणार नाही इतपत ताणून पुन्हा मोजायचं. घट्ट १२२½ इंच, ताणून १२७½ इंच आलं. मधलं धरलं, म्हणजे एका कौलाला १२½ इंच. रुंदीला तसंच करून ८ इंच. एक कौल १०० चौरस इंच झाकतं, म्हणजे चौरस फुटाला जवळपास दीड कौल.

उतार १२ ला ७ (१२ इंच आडवं गेलं की ७ इंच वर) ठरला, साधारण ३० अंश. आपल्या पावसाला यापेक्षा सपाट नको. वाऱ्याबरोबर पाणी कौलाच्या खाचेतून वर चढतं.

हिशोब असा. भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून आढ्याच्या मध्यापर्यंत ११७ इंच. वळचण ३० इंच बाहेर धरली होती. एकूण १४७ इंचांना उताराचा गुणक १.१५८ लावला की वाशाची तिरपी लांबी १७० इंच. खालची पहिली रीप वाशाच्या टोकापासून १२ इंचांवर हवी, म्हणजे कौलाचं शेपूट अडीच इंच बाहेर लोंबतं. वरची रीप आढ्यापासून २ इंच खाली. मधले उरतात १५६ इंच. त्याला साडेबाराने भागलं तर रिपांमधले साडेबारा खण येतात, म्हणजे नेमकी अर्धी ओळ शिल्लक!

१३ खण पूर्ण धरले. वासा १७६½ इंच, म्हणजे १४ फूट ८½ इंच झाला आणि वळचण साडेपस्तीस इंच बाहेर गेली. जांभ्याच्या भिंतीला तेवढी सावली बरीच. एका पाख्यावर १४ ओळी × ४९ कौलं, दोन्ही पाख्यांची मिळून १,३७२. फुटतूट धरून १,४६० मागवली. छपराची लांबी ४९ × ८ = ३९२ इंच. दोन्ही त्रिकोणी भिंतींबाहेर १९-१९ इंच निघतं.

१९ जानेवारी : लाकडाची यादी

वासे ४×२, पंधरा फुटी, ४६ नग. आढं आणि दोन मधल्या पर्लिन (आढं आणि भिंतीच्या मध्ये वाशांना टेका देणारी आडवी लाकडं) ६×३, तीन तुकड्यांत, जोडासकट मिळून १०८ फूट. वॉलप्लेट (भिंतीच्या माथ्यावरचं लाकूड, वासे यावर टेकतात) ४×३, ७० फूट. कैचीची तुळई (खालचं आडवं लाकूड) ६×४ वीस फुटी, तिरपे पाय ५×४, मधला खांब ५×४, आतले तिरके ४×३. रिपा २×१, एकूण ९९० फूट. रुंदी इंच × जाडी इंच × लांबी फूट भागिले १४४ म्हणजे घनफूट. कापणीची घट धरून ९७ घनफूट.

वाशाला ३×२ चालतं असं बरेच जण सांगतात. भिंतीच्या आत चालेलही. पण इथे वासा भिंतीबाहेर तिरपा साडेतीन फूट लटकतो आणि कौलं लावणारा माणूस त्याच्या टोकाशी उभा राहतो. म्हणून ४×२, आणि तोही उभाच.

जात : तुळई, पाय, आढं ऐनाचं. वासे आणि रिपा किंजळाच्या. साग परवडला असता तर प्रश्नच नव्हता. वखारीचा दर सरासरी १,३०० रुपये घनफूट. घरची झाडं तोडून काम करायचं असेल तर साग, ऐन, किंजळ, फणस या सगळ्यांच्या तोडीला परवानगी आणि वाहतुकीला पास लागतो. तो कागद हातात येण्याआधी सुताराला तारीख देऊ नये.

२ फेब्रुवारी : लाकूड उतरलं

वाशांपैकी सात परत केले. चारांना कडेने पांढरा भाग होता. भुंगा आणि वाळवी आधी तिथेच लागते. तिघांना पीळ होता. बाक चालतो, तो वर करून बसवता येतो. पीळ कशानेच जात नाही.

बाकीचं लाकूड सावलीत, जमिनीपासून फूटभर उंच, प्रत्येक थरात दर तीन फुटांवर पट्ट्या घालून रचलं. टोकांना डांबर. ऐनाची टोकं उघडी ठेवली तर आठवड्यात चिरा पडतात.

वाळवीसाठी काजूच्या टरफलांचं तेल, दोन हात. जाड हातमोजे घालूनच लावावं. अंगावर उडालं तर कातडी जाते. आधी हातापायांना खोबरेल चोपडलं तर थोडा बचाव होतो.

९ फेब्रुवारी : कैचीचं पूर्ण मापाचं चित्र

ओटीच्या लादीवर खडूने अर्धी कैची खऱ्या मापात काढली : भिंत, वॉलप्लेट, तुळई, पाय, पर्लिन, वासा. कागदावर न दिसलेली गोष्ट इथे दिसली.

तुळई आणि वॉलप्लेट एकाच पातळीवर ठेवली, तर वाशाखाली ६ इंचांची पर्लिन आणि तिच्याखाली कैचीचा पाय असा थर येतो. त्यामुळे पाय आणि तुळई भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून १७ इंच आत भेटतात. भिंत ९ इंचांची. म्हणजे छपराचा सगळा भार भिंतीवर न येता भिंतीच्या आत आठ इंचांवर, अधांतरी तुळईवर. ती तिथे वाकणार, आणि दोन-चार पावसाळ्यांनी सांधा उघडणार.

तोड : वॉलप्लेट वर उचलायची. भिंतीवर १० इंच उंच आरसीसी पट्टा, पण कैची बसते तिथे फक्त ४ इंच, म्हणजे आपोआप खोबण होते. तुळई खोबणीत बसली की तिचा माथा १० इंचांवर, वॉलप्लेटचा १३ इंचांवर. आता पाय आणि तुळईच्या मध्यरेषा बाहेरच्या कडेपासून साडेसहा इंचांवर, भिंतीच्या डोक्यावरच मिळतात. वळचण जोत्यापासून ८ फूट ४ इंचांवर राहते, दारं-खिडक्या मोकळ्या.

हे चित्र पट्टा ओतल्यानंतर काढलं असतं तर छिन्नी-हातोड्याचंच काम होतं.

१६ फेब्रुवारी : पट्टा आणि बोल्ट

जुन्या भिंतीचे कर्ण मोजले. २९½ × १९½ ला कर्ण ३५ फूट ४ इंच ३ सूत यायला हवा. दोन कर्णांत सव्वादोन इंचांचा फरक निघाला. भिंत सरळ करायच्या भानगडीत पडलो नाही. पट्ट्याचा साचा भिंतीप्रमाणे लावला, पण बोल्टची रेषा दोरीने काटकोनात घेतली. वॉलप्लेट एका कोपऱ्यात भिंतीच्या मध्यापासून इंचभर सरकली, वळचणीखाली कोणाला दिसणार नाही. तिरकी वॉलप्लेट मात्र कौलांच्या प्रत्येक ओळीत दिसली असती.

बोल्ट १२ मिमीचे, खाली एल वळवलेले, दर चार फुटांवर एक, शिवाय वॉलप्लेटच्या प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात कितीतरी कौलारू छपरं उडाली. नुसत्या वजनावर बसलेलं छप्पर वळचणीखालून वारा शिरला की उचललं जातं.

पातळी पाण्याच्या नळीने. ओतताना एका टोकाला पट्टा ३ सूत खाली बसला. सिमेंट लावून भरून काढण्यापेक्षा वॉलप्लेटखाली ऐनाच्या पाचरी दिल्या आणि मग रेती-सिमेंट ठासलं.

१ मार्च : कैच्या जमिनीवर

मधल्या खांबाबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज असतो. तो तुळईवर उभा नसतो, तुळई त्याला टांगलेली असते. दोन पाय खांबाच्या डोक्याला वरून दाबतात आणि खांब तुळईला वर ओढून धरतो. म्हणून खांबाच्या बुडाशी अर्धा इंच फट ठेवली. ४० × ६ मिमीची लोखंडी पट्टी तुळईखालून यू आकारात घेऊन खांबाला १२ मिमीच्या दोन बोल्टनी आवळली. आवळताना तुळई मध्यावर पाऊण इंच वर घेतली. खांब तुळईला टेकवून ठोकला असता तर तो तुळईच्या मध्यावर ओझं टाकत बसला असता.

पाय जिथे तुळईत शिरतो तिथली खाच सव्वा इंच खोल. खाचेच्या पुढे तुळईचं टोक साडेनऊ इंच शिल्लक. हे टोक आखूड ठेवलं तर पायाच्या रेट्याने धाग्याच्या दिशेने ढलपा उडतो. तुळई भिंतीबाहेर ३ इंच काढली ती याचसाठी.

सुतारांनी पहिल्या कैचीचे सांधे पटाशीने बसवताना खाच दोन सूत जास्त मोकळी झाली. पाचर मारून चालवता आलं असतं, पण हा सांधा दाबाचा आहे, पाचर चिरडते. पाय दोन सूत आखूड करून नव्याने खांदा काढला. अर्धा दिवस गेला.

१० ते १८ मार्च : शिमगा

काम बंद. पालख्या बसेपर्यंत सुतार मिळत नाहीत, हे वेळापत्रकात आधीच धरावं. आमच्याकडे धरलं होतं. धरलं नव्हतं ते एवढंच, की जोडून ठेवलेल्या कैच्या उन्हात राहतील. १९ तारखेला पाहिलं तर खांब आणि पायांचे सांधे दीड-दोन सूत उघडे. लाकूड लांबीला फारसं आटत नाही, रुंदीला आटतं. खांबाची रुंदी कमी झाली आणि दोन्ही पायांचा टेका सुटला. बोल्ट पुन्हा आवळून सांधे मिटले. यापुढे जोडलेलं काहीही ताडपत्रीखाली.

२३ मार्च : कैच्या वर

एक कैची सव्वादोनशे किलोच्या घरात. अख्खी उचलण्याऐवजी सुटी करून वर परांचीवर जोडली. प्रत्येक सांध्यावर पटाशीने खुणा कोरल्या : पहिल्या कैचीला एक रेघ, दुसरीला दोन. खडूच्या खुणा हाताळताना पुसतात, आणि पहिल्या कैचीचा डावा पाय दुसरीत बसत नाही.

तुळईचं टोक खोबणीत घातलं की दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच हवा सोडली. तिथे सिमेंट भरून बंद करायची गवंड्याला भारी हौस असते. भरू देऊ नये. ओल अडकते आणि टोक आतून कुजतं.

ओळंबा घेऊन कैची उभी, आणि लगेच दोन तिरक्या फळ्यांनी त्रिकोणी भिंतीला बांधली. आढं आणि पर्लिन बसेपर्यंत त्या फळ्या काढायच्या नाहीत.

आढं आणि पर्लिनचे जोड कैचीच्या डोक्यावरच घेतले, फूटभर तिरका जोड, दोन बोल्ट. पर्लिन घसरू नये म्हणून खालच्या अंगाला ऐनाचे ठोकळे.

मग आढं ते वॉलप्लेट दोरी ताणून पर्लिनचा माथा तपासला. एका बाजूला पर्लिन ३ सूत वर निघाली. खाली असती तर पट्टी ठेवून भागलं असतं, वर होती म्हणून ठोकळ्यापाशी पर्लिनच्या पोटात तेवढी खाच घेतली. आढं, पर्लिन, वॉलप्लेट एका सपाटीत नसतील तर वासा मध्ये डुगडुगतो आणि कौलं उघडतात.

६ एप्रिल : वासे

एक नमुन्याचा वासा कापला आणि दोन्ही पाख्यांवर, दोन्ही टोकांना आणि मध्ये ठेवून पाहिला. बसला, मग त्यावरून बाकीचे आखले. दरवेळी आधीच्या वाशावरून पुढचा आखायचा नाही. पेन्सिलीची जाडी साचत जाते आणि शेवटचा वासा अर्धा इंच लांब होतो.

आखणीला लोखंडी गुण्या : एका हातावर १२, दुसऱ्यावर ७ वाशाच्या कडेला धरायचे. सातच्या हाताने उभा काप, बाराच्या हाताने टेक्याचा काप. वॉलप्लेटवरची खाच सव्वा इंचापेक्षा खोल नाही, कारण भिंतीबाहेर लटकणाऱ्या भागाची सगळी ताकद त्या उरलेल्या लाकडात आहे.

बाक असलेली कड वर. भाराने तो बसतो. एका पाख्यावर २३ वासे, अंतर १७ इंच ६ सूत.

किंजळ आणि ऐन दोन्हीत खिळा थेट मारला की लाकूड फाटतं किंवा खिळा वाकतो. पाच इंची खिळ्याला ४ मिमीने आधी भोक. प्रत्येक वाशाला वॉलप्लेटशी जीआय पट्टी, दोन्ही अंगांनी तीन-तीन खिळे. या पट्ट्यांचा खर्च किरकोळ आहे आणि त्या वगळाव्यात असं सुचवणारं कोणीतरी प्रत्येक कामावर असतंच.

वाशांची टोकं आधी कापली नाहीत. सगळे बसल्यावर दोरी मारून एकदम कापली.

२ मे : रिपा

साडेबारा इंचांची मोजपट्टी न वापरता एका लांब रिपेवर १२, २४½, ३७ अशा सगळ्या खुणा करून काठी बनवली आणि तीच प्रत्येक टोकाला लावली. रिपेचे जोड वाशावरच, आणि लागोपाठच्या ओळींचे जोड वेगवेगळ्या वाशांवर. खिळे अडीच इंची, पाच किलो पुरले.

वाशाच्या अगदी टोकाची पट्टी बाकीच्या रिपांपेक्षा इंचभर जाड हवी. वरच्या प्रत्येक ओळीला खालच्या कौलाचा टेका मिळतो, पहिल्या ओळीला मिळत नाही. जाड पट्टी नसेल तर पहिली ओळ खाली मान घालते आणि तिच्या वरच्या ओळीखाली फट पडते.

४ मे : दुसरी खेप

९०० कौलं आधीच आली होती, उरलेली आज उतरली. रीत म्हणून पुन्हा दहा कौलांची रांग लावली : घट्ट ११९, ताणून १२३. म्हणजे साडेबाराची चाल या कौलांना जमणारच नाही. शिक्का तोच, भाजणी वेगळी. जास्त भाजलेलं कौल जास्त आक्रसतं. रिपा मारून झालेल्या. वेगळं पाखं या कौलांनी करायचं तर तिथल्या सगळ्या रिपा उचकटाव्या लागल्या असत्या. खेप बदलून घेतली, त्यात आठवडा गेला. कौलं एकाच भट्टीची, एकाच वेळी घ्यावीत, ठेवायला जागा नसली तरी.

१४ मे : शाकारणी

वळचणीकडून आढ्याकडे, दोन्ही पाख्यांवर बरोबरीने. कौलांचं वजन साडेतीन टनांच्या आसपास. एकच पाखं भरलं तर कैच्या एका अंगाला ढकलल्या जातात. काटकोन ६-८-१० फुटांच्या दोरीने तपासून पहिली उभी रांग लावली.

वळचणीच्या दोन ओळी आणि दोन्ही कडांच्या रांगा कौलाच्या पाठीवरच्या भोकातून तार ओवून रिपेला बांधल्या. वारा तिथूनच शिरतो.

२० ते २६ मे : पाऊस

वीस तारखेपासूनच पाऊस. मागच्या पाख्याच्या वरच्या चार ओळी आणि आढं उघडं. ताडपत्री आढ्यावरून दोन्हीकडे टाकून रिपांना बांधली. वाऱ्याने फडफडून तिने लावलेली अकरा कौलं फोडली. ताडपत्रीवर आडव्या फळ्या बांधल्यावर थांबलं. २५ मेला मान्सून कोकणात आणि २६ ला मुंबईत पोहोचला. उघडीप मिळेल तेव्हा ओळी पूर्ण केल्या.

आढ्याची कौलं १:४ सिमेंट-रेतीत, लाल रंग मिसळून. माल फक्त दोन्ही कडांना, पोट पोकळ. अख्खं पोट भरलं तर माल आटताना तडा जातो आणि पाणी थेट आढ्याच्या लाकडावर. ओला माल रात्रीच्या सरीने दोन ठिकाणी धुऊन नेला, तेवढा पुन्हा केला.

१ जून : खर्च आणि उरलेली कामं

लाकूड १,२६,१००. कौलं ६१,३२०, आढ्याची १,८००. सुतार-मजुरी ९५,०००. पट्टा २४,०००. बोल्ट, पट्ट्या, खिळे ११,५००. तेल, डांबर, ताडपत्री ६,०००. एकूण ३,२५,७२०. परांचीचे बांबू घरचे.

गळती तीन ठिकाणी. दोन जागी कौलाला केसासारखी तडा होती, बदलली. लावताना प्रत्येक कौल बोटाने वाजवून घ्यावं, बद्द आवाज आला की बाजूला. तिसरी गळती त्रिकोणी भिंतीच्या माथ्यावर, चिरा आणि वासा यांच्या फटीत. तिथे पाऊस थांबल्यावरच हात घालता येईल.

ऑक्टोबरमध्ये करायचं : कैच्यांचे सगळे बोल्ट पुन्हा आवळणे, तुळईच्या टोकांना तेलाचा तिसरा हात, खोबणीत पाल्याचा कचरा साचला असेल तर काढणे, आणि मधल्या खांबाखालची अर्ध्या इंचाची फट अजून आहे का ते पाहणे. ती मिटलेली दिसली तर खालची पट्टी सैल झाली आहे.